दार मागच्या बाजूला

दार घराकडे नको, मागच्या भिंतीकडे हवं, असं सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, पुन्हा सांगितलं आणि अनुपमाच्या हातातली मापाची टेप थांबली. आखातातल्या मुसाफ्फाच्या त्या यार्डात तयार पोर्टा केबिन, उचलून नेता येणाऱ्या पत्र्याच्या खोल्या, ओळीनं उभ्या होत्या. ऑगस्टचं ऊन, पत्र्याला हात लावायची सोय नाही. ही केबिन मात्र आतून गार होती. लाकडी रंगाच्या भिंती, मोठी काचेची खिडकी, स्वतःचा एसी. अनुपमानं मघाशीच ठरवून टाकलं होतं, या भिंतीला व्हाइटबोर्ड, त्या खिडकीशी मुलांचं टेबल. दार मागे गेलं तर शिकवणीची मुलं काय कुंपणावरून उड्या मारून येणार होती?

केबिन तिच्यासाठीच तर घ्यायची होती. निदान तिचा नवरा, चारुदत्त, तसं म्हणाला होता. खलिफा सिटीतल्या त्यांच्या भाड्याच्या व्हिलात खोल्या बऱ्याच, पण अनुपमाची गणिताची शिकवणी कायम जेवणाच्या टेबलावर. एकीकडे त्रिकोणमिती, दुसरीकडे सासूबाईंच्या आमटीची फोडणी. मागचं अंगण रिकामंच आहे, तुला हक्काची खोली करू, उद्या घर बदललं तर क्रेननं उचलून नेऊ, असं तो स्वतःहून म्हणाला तेव्हा ती हुरळून गेली. भोळी कुठली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःहून घरातला एक बल्ब बदलला नव्हता.

"आई, दार मागे कशाला?" तिनं विचारलं.

सत्यभामाबाईंनी मुलाकडे पाहिलं. चारुदत्त लगेच एसीचा रिमोट उलटसुलट करून बघायला लागला.

मग सासूबाईंनीच सांगितलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं इतक्या शांतपणे. थोरल्या मुलानं गावचं घर बंद केलं, तेव्हा यंदापासून घरचा गणपती इथे येणार. पाच दिवस देव घरात. त्यात नेमकी कुणाला पाळी आली तर सगळ्या घराला विटाळ. तसं झालं तर अनुपमानं या केबिनमध्ये बसायचं, आणि नातीनं, मिहिकानंही, कारण मे महिन्यात तीही मोठी झाली. देवासमोरून ये-जा नको म्हणून दार मागे. उरलेलं वर्षभर कर की तुझी शिकवणी, कोण नको म्हणतंय.

"आम्ही गोठ्याशेजारच्या पडवीत बसलो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर एसी देतोय."

अनुपमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंचा राग आलाच, पण त्या बाईनं निदान तोंडावर सांगितलं. नवऱ्यानं तर हक्काची खोली, हक्काची खोली करत तिचा केसानं गळा कापला होता. तुला माहीत होतं का, एवढंच तिनं त्याला विचारलं. तो ततपप करायला लागला. आईचं वय झालंय, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, माझा स्वतःचा या सगळ्यावर विश्वास नाही, पण घरात उगाच वाद कशाला. विश्वास नाही म्हणे. विश्वास नसताना पोटच्या पोरीला अंगणात काढायला निघाला होता. त्यापेक्षा विश्वास असलेली म्हातारी परवडली.

मिहिका केबिनच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. दरवर्षी व्हिडिओ कॉलवरून गावच्या आरतीत घसा ताणून ओरडणारी ही मुलगी. गणपती आपल्याकडे येणार हे कळल्यापासून ती डेकोरेशनची चित्रं काढत होती. आताचं सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"सो आय हॅव टु लीव्ह द हाउस?" तिनं वर न बघताच विचारलं.

बाप पुन्हा एसीच्या रिमोटची बटणं दाबायला लागला. मिहिकानं फोन मांडीवर पालथा घातला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

अनुपमा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं यार्डाच्या सेल्समनला, रुहानला, हाक मारली आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली. हीच केबिन घेऊ, यल्ला, चला, ऑर्डर लिहून घ्या. दार मागच्या बाजूला, सासूबाई म्हणतात तसंच. व्हाइटबोर्ड नको, टेबलही नको. दोन कॉट बसतील एवढी जागा मोकळी ठेवा.

चारुदत्तनं सुटकेचा श्वास टाकला. सत्यभामाबाईंनी समाधानानं मान हलवली. सून हट्टी असली तरी शेवटी ऐकणारी आहे, असं त्या नेहमीच म्हणायच्या. मिहिकानं मान वर करून आईकडे रागानं पाहिलं. अनुपमा पुढे सांगतच राहिली. आत छोटं बाथरूम हवं. कमोडशेजारी भिंतीला धरायला दांडा लावा. आणि पायरी बुटकी करा, गुडघे दुखतात.

"कुणाचे, तुझे?" चारुदत्तनं विचारलं. आता त्याला हसायलाही सुचत होतं.

"आईंचे," अनुपमा म्हणाली. "गणपती घरात येईल. मी आणि मिहिका आरतीला पुढे उभ्या राहू, पाळी असो नसो. ज्याला आमचा विटाळ होतो, त्यानं बाहेर बसायचं. एक कॉट आईंची, दुसरी तुझी."