जबड्यातली गाठ

माझ्या नवऱ्याच्या, पेटेलोच्या कानापुढची गाठ पाहून शहरातले डॉक्टर म्हणाले, "ट्यूमरच दिसतोय." सुईने नमुना काढून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं, पण बातमी आमच्या आधीच गावात पोहोचली होती.

निकालाचा फोन आला त्याच सकाळी पेटेलोचा धाकटा भाऊ आलापाती आमच्या दारासमोर येऊन बसला. भर उन्हात, मान खाली घालून, त्याच्या घरातली सगळ्यात किमती चटई डोक्यावरून ओढून. आमच्याकडे मोठ्या अपराधाची माफी अशीच मागतात. घराण्याच्या प्रमुखाच्या पदवीवरून यानेच थोरल्याला भरसभेत चोर म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आता थोरला माफ करून स्वतः चटई उचलेपर्यंत त्याला उठता येणार नव्हतं.

मी फोन ठेवला आणि नवऱ्याच्या कानात निकाल सांगितला. तो बराच वेळ त्या चटईकडे बघत राहिला. मग बाहेर गेला आणि त्याने ती उचलली.

"दादा, मी आधीच यायला हवं होतं रे," आलापाती हुंदके देत म्हणाला.

"हवं होतं," पेटेलो म्हणाला.

दुपारी आलापातीने आणलेलं भाजलेलं डुक्कर वाढलं. दादाचा जबडा उघडत नाही म्हणून तो मऊ मऊ तुकडे कुस्करून स्वतःच्या हाताने भरवत होता. तो पाणी आणायला उठला तशी मी कुजबुजले, "आता तरी सांग त्याला. ट्यूमर नाही, गाऊट आहे. पायाच्या अंगठ्यात साठतात तेच युरिक अ‍ॅसिडचे खडे जबड्यात साठलेत. आणि डॉक्टरांनी डुक्कर बंद केलंय तुझं."

उघडेल तेवढा जबडा उघडून पेटेलो म्हणाला, "उद्यापासून गाऊट. आज ट्यूमरच राहू दे."