जगात तिसरे

उपसंचालकांनी अर्ज न वाचताच बाजूला सरकवला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत गळ्यात पदकं घातलेली सहा मुलं होती आणि त्यांच्यामागे अकरा अधिकारी. छाती अधिकाऱ्यांचीच जास्त फुगलेली होती.

"जगात तिसरे आलो आपण, बाई. गणितात! आणि तुम्ही म्हणताय, गणित शिकवायला माणसं नाहीत."

"सहा मुलं तिसरी आली, साहेब," गणिताच्या बाई म्हणाल्या. "माझ्याकडे नववी-दहावीची मिळून दोनशे दहा मुलं आहेत आणि गणिताला मी एकटी. दोन पदं चार वर्षं रिकामी पडलीत. निम्म्या मुलांना साधा भागाकार येत नाही."

"मग या फोटोतली ती बारकी? ती तुमच्याच शाळेची ना? तिला कसं येतं?"

"तिला मी शिकवायच्या आधीपासून येतं."

उपसंचालक हसले. त्यांना तो बाईंचा विनय वाटला. त्यांनी अर्जावर हिरव्या शाईत लिहिलं, 'स्पर्धेतील यश पाहता पदभरतीची निकड दिसत नाही', आणि खाली ऐसपैस सही ठोकली.

खात्याची रीत अशी होती. देशभरातून सहा मुलं वेचायची, वर्षभर निवासी शिबिरात ठेवून त्यांच्याकडून सकाळ-संध्याकाळ गणितं घोटून घ्यायची आणि त्यांनी पदक आणलं की साऱ्या शिक्षण खात्याने स्वतःची पाठ थोपटायची. बाकीची लाखो मुलं टाळ्या वाजवायला होतीच.

बाई शाळेत परतल्या तेव्हा दोन्ही इयत्ता सभागृहात कोंबलेल्या होत्या. बाकं पुरत नव्हती म्हणून काही मुलं खिडकीत बसली होती. मागच्या बाकावर बारकी होती. यंदाच्या स्पर्धेआधी शिबिराने आठ दिवस सुट्टी दिली होती आणि ती सवयीने शाळेत येऊन शेजारणीला शेकडेवारी समजावत होती.

बाईंनी अर्ज टेबलावर आपटला. "ऐका रे. आपल्याला शिक्षक मिळणार नाहीत. का, तर पदकं मिळालीत! ही पदकं येतायत तोवर तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही."

मुलं हसली. बारकीने हात वर केला.

"आणि नाही आली तर, बाई?"

"तर या लोकांची झोप उडेल. धावत येतील शाळेत." बाईंनी खडू उचलला. "चला, वह्या काढा."

पाच आठवड्यांनी निकाल लागला. देश एकतिसावा आला होता.

वर्षापूर्वी 'शिक्षणाची भरारी' असा मथळा देणाऱ्या पेपरने आता 'शिक्षणाचा बोजवारा' असा दिला. या दोन मथळ्यांच्या मधे शाळांमध्ये काडीचाही बदल झाला नव्हता. तेच फळे होते, तीच गळकी छपरं होती. पण टीव्हीवर तज्ज्ञ तावातावाने बोलत होते, आणि गेल्या वर्षीचेच तज्ज्ञ होते ते. बाईंनी वैतागून टीव्ही बंद केला.

बारकी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"मी कोरा पेपर दिला, बाई. दोन्ही दिवस."

"काय?"

"डोकं दुखत होतं असं सांगितलं त्यांना. आता येतील ना आपल्याकडे?"

बाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं. यंदाही पदक मिळालं असतं तर बारकीला मोठ्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळणार होता. आपण रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य या पोरीने खरं धरलं होतं.

"अगं कार्टे, तुझं काय आता?"

"मला गणित येतंच की," बारकी म्हणाली.

बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

आठवड्याभरात उपसंचालकांचं बोलावणं आलं. भिंतीवरचा फोटो उतरवलेला होता. त्यांनी स्वतः उठून बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, तुमचं म्हणणं आम्ही मनावर घ्यायला हवं होतं. डोळे उघडले आमचे. गणिताच्या शिक्षकांची साठ पदं वरून मंजूर करून आणलीत. आजच सही होतेय."

या माणसाला आपण इतकी वर्षं मनातल्या मनात गाढव म्हणत आलो, हे आठवून बाईंना ओशाळल्यासारखं झालं.

"आमच्या शाळेचा विचार झालाय ना, साहेब?"

"विचार? यादीत सगळ्यात वर आहे तुमची शाळा."

चहा गोडमिट्ट होता. बाईंनी तो पूर्ण संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात बातमी सांगितली तेव्हा खिडकीतली मुलं उड्या मारत खाली उतरली. बारकीने नवीन वेळापत्रक आखायला घेतलं. नववी वेगळी, दहावी वेगळी, शिवाय कच्च्या मुलांसाठी रोज एक जादा तास. बाईंनी त्यात दोनच दुरुस्त्या केल्या. बारकीने कोऱ्या पेपराने जे साधलं, ते आपल्या चार वर्षांच्या अर्जांना जमलं नाही, असं त्या मुख्याध्यापकांना हसत हसत सांगणारही होत्या, पण पोरीचं नाव नको म्हणून थांबल्या.

शुक्रवारी मुख्याध्यापक खात्याचा लिफाफा घेऊन सभागृहात आले. साठ शिक्षकांची यादी होती. मुलांनी गलका केला, "वाचा ना, बाई, वाचा!" बाईंनी चष्मा लावला. पहिलंच नाव त्यांचं स्वतःचं होतं. खालची एकोणसाठही ओळखीची होती, कुठल्या ना कुठल्या शाळेत एकट्याने गणित शिकवणारी माणसं. या साठही जणांनी आपापल्या शाळा सोडून सोमवारपासून निवासी शिबिरात हजर व्हायचं होतं, नव्याने निवडलेल्या सहा मुलांना शिकवायला.