डावरी

रांगेत पुढे तीन गाड्या उरल्या होत्या, तेव्हा उस्तादांनी छातीवरचे पट्टे आवळले, आणि आवळून पुन्हा सैल केले.

"काय झालं, बाबा? पट्टा टोचतोय?" सून गाडीशेजारी वाकून उभी होती. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर फडकं.

"पट्टा नाही टोचत," उस्ताद म्हणाले.

इथे एकेक गाडी एकटीच धावते; शर्यत घड्याळाशी. गाडीला दिवसभरात तीन फेऱ्या. एका मिनिटाच्या आत फेरी पुरी झाली, तर नाव फलकावर चढतं. पाच वर्षं उस्ताद येत होते आणि पाच वर्षं नाव खालीच होतं. आज पहिली फेरी एक मिनिट चार सेकंद. दुसरी, एक मिनिट सहा. चूक दोन्ही वेळा तीच, जागाही तीच. पहिलं वळण संपून सरळ रस्ता लागला की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायचं. उस्तादांचा हात जायचा पहिल्यात. इंजिन असं किंचाळायचं की कुंपणापलीकडची माणसं दात आवळायची.

डावरी हे गाडीचं नाव. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उस्तादांनी ती स्वतः जोडली. नळ्या कापून, वेल्डिंग करून, भंगारातलं इंजिन सीटच्या मागे बसवून. बसवताना गिअरच्या दांड्या उलट्या जोडल्या गेल्या. साऱ्या जगात जो गिअर डावीकडे, तो हिचा उजवीकडे. मुलगा म्हणाला, "काढून सरळ करू, दोन दिवसांचं काम." उस्ताद म्हणाले, "आपण बसवलेलं आपण काढत नसतो. हाताला शिकवू." छत्तीस वर्षं बस चालवलेला हात तो. तो कुणाचं ऐकतोय!

घरात एकटी सूनच गाडी चालवायला शिकली ती मुळी डावरीवर. दिवसभर आरशात बघून लोकांचे केस कापायचे हा तिचा धंदा. "मला उलटंच सुलट," ती म्हणायची. अर्जावर दुसरी चालक म्हणून तिचं नाव दर वर्षी असायचं. नुसतं नाव.

पुढची एक गाडी सुटली. दोन उरल्या.

"गिअरबॉक्सला वास येतोय," ती हळूच म्हणाली.

"मला नाक आहे."

"अजून एकदा तसं झालं, तर दात जातील त्याचे."

"माझे गेलेच आहेत. त्याचेही जाऊ देत."

ती हसली, पण हसू ओठांच्या कडेलाच राहिलं. "या खेपेला मोठ्यानं म्हणत चला ना, बाबा. दुसरा, मग डावीकडे, मग वर."

"तोंडाला पाठ आहे गं. तोंड कुठे गाडी चालवतं?"

उस्तादांनी हाताकडे पाहिलं. दारात पसरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा तो गिअरच्या दांडीवर पडला होता, निवांत, घर ओळखून. किती माणसं या हातानं ज्याच्या त्याच्या दारी पोचवली. धुक्यात पोचवली, चिखलात पोचवली. एकदाही चुकला नाही, म्हणून तर आता चुकत होता. त्याला रागवावं तरी कुठल्या तोंडानं?

आणखी एक गाडी सुटली. बक्कल खटकन उघडलं.

"तू बस," उस्ताद म्हणाले.

बाहेर पडायला त्यांना वेळ लागला. आधी एक पाय नळीवरून काढला, मग दुसरा. सुनेनं कोपराला धरलं, तर या वेळी त्यांनी कोपर झटकलं नाही.

"बाबा, शेवटची फेरी आहे ही."

"म्हणून तर."

"आणि माझ्याकडून बिघडली तर?"

"तर घरी जाऊन सांगता येईल, सुनेनं बिघडवली. सासऱ्याला एवढंही सुख नको का?"

तिनं केस मानेशी घट्ट बांधले, हेल्मेट चढवलं, सीट पुढे ओढली. पट्टे उस्तादांनी स्वतः आवळले. एकदा ओढून पाहिले, आणि मग पुन्हा एकदा. गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, कंडक्टर मारतो तशा, आणि मागे सरले.

पुढची उरलेली गाडीही सुटली. मग निशाण पडलं. डावरी गेली.

उस्ताद कुंपणाशी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. पहिला. दुसरा. मग वळण, टायर गवतातल्या किड्यांसारखे किरकिरले. आता सरळ रस्ता. उस्तादांचा पाय गवतावर दाबला गेला, आणि हवेत धरलेला हात डावीकडे गेला, मग वर.

आवाज एक पायरी उतरला आणि दम घेतलेल्या गळ्यासारखा पुन्हा चढू लागला. स्वच्छ, न अडखळता. शेजारचा माणूस जरा बाजूला सरकला. उस्तादांना जागा लागत होती. चौथ्याला हात खाली आला. पुढच्या वळणाला ते कंबरेतून कलले.

फलकावर अठ्ठावन्नचा आकडा लागला. चारदोन टाळ्या पडल्या. थोड्या वेळानं डावरी फिरून कुंपणाशी येऊन थांबली, आणि सुनेनं हेल्मेटची काच वर केली. फलक तिच्या पाठीमागे होता.

"किती आले, बाबा?"

उस्तादांनी डोळे उघडले. कपाळ घामानं निथळत होतं.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "मी गाडी चालवत होतो."