संत्र्याची साल

न्हाणीच्या दारात संयोगिता थबकली. उटण्याचा वास आज वेगळा होता.

हळद, कचोरा, मसुरीचं पीठ, हा वास तिच्या ओळखीचा. सून म्हणून या घरात आल्यापासून दर सणाला अंगाला लागलेला. आज त्यात आणखी काहीतरी होतं, नाकात झिणझिणणारं.

“आत्ती, ह्यात संत्र्याची साल घातलीया?”

“घातलीया.” तिच्या सासूबाई, विजयमालाबाई, वाटीत दूध ओतून उटणं कालवत होत्या. मान वर केली नाही. “पत्र्यावर वाळत टाकल्याली, तुला दिसली न्हाई व्हय?”

दिसली होती. डासांच्या धुरीला असेल, असं तिनं धरलं होतं. कारण या घरात साल अंगाला लावायची नाही, हे पथ्य होतं. तिचा नवरा वीरधवल लहान असताना एका दिवाळीला आजीनं साल घातलेलं उटणं त्याला चोळलं आणि पोराच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या. तेव्हापासून या घराच्या उटण्यातून साल गेली ती गेलीच. पुढं फौजेतून रजेवर आला तरी वाटी आधी हुंगायचा आणि म्हणायचा, “आये, इख न्हाई ना कालवलंस?”

मग एका हिवाळ्यात त्याची गाडी बर्फावरून दरीत गेली. त्यानंतरच्या दिवाळीलाही उटणं साल न घालताच झालं. पुढच्याही.

भिंतीवरल्या फोटोपुढं संयोगिता कधी फार थांबायची नाही. फोटोत तो नव्हताच. तो होता या वाटीत, न घातलेल्या सालीच्या जागी. अंगाला उटणं लागलं की पाठीमागं उभं राहून कुणीतरी हुंगतंय असं तिला वाटायचं. त्याची तिला भीती नव्हती. तो तिथून जाईल, ही भीती होती.

आणि आज कराडची मंडळी तिला बघायला येणार होती. स्थळ आत्तींनीच काढलेलं, भावकीशी भांडून.

“दुसरं कालवू या की,” ती म्हणाली. “बिनसालीचं.”

“आता कुणाच्या आंगावर गांधी उठायच्यात?” विजयमालाबाई म्हणाल्या. “बस पाटावर.”

ती बसली. सासूबाईंनी बाह्या वर सारल्या, तिच्या पाठीवर उटणं थापलं आणि दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. परसातल्या कुडापलीकडनं शेजारच्या रंगुबाईचा आवाज आला, “हळद लावतीस व्हय गं सुनंला? मांडव पडायच्या आधीच?”

“मळ काढतीया. तुझाबी काढायचा आसंल तर ये.”

कुडापलीकडं भांडं आपटलं.

ओलं उटणं वाळत चाललं, वळ्या होऊन पाटाभोवती गळू लागलं. विजयमालाबाईंनी त्यातली एक वळी उचलून चिमटीत धरली. “परवा कीर्तनात बुवा सांगत हुते. पार्वतीमायनं आंगाच्या मळाचं पोर केलं आन् दारात राखणीला हुबं केलं. लय गोड सांगितलं बघ. सगळी रडली.” त्यांनी वळी पाण्यात टाकली. “आमच्या मळाचा नुस्ता चिखूल हुतो.”

संयोगितानं मागं हात नेऊन त्यांचं मनगट धरलं. सकाळपासून ओठांवर अडकलेलं एकदाचं बाहेर आलं.

“आत्ती, मला न्हाई जायचं. मी गेल्यावर हितं त्यांचं काय उरंल?”

विजयमालाबाईंनी मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हातानं चोळत राहिल्या.

“ज्या घरात जाशील तिथल्या माणसाला काय सोसतंय, काय न्हाई, ते तिथं कळंल. तसं कालवायचं. हितलं पथ्य संगं न्यायचं न्हाई, पोरी. म्हणून तर घातली साल.”

मग गरम पाण्याचे तांबे पडत राहिले. संयोगितानं पाठीमागं कान देऊन बघितलं. कुणी हुंगत नव्हतं. रडणं कळू नये म्हणून ती तोंडावर पाणी घेत राहिली.

बाहेरून सासऱ्यांची, नाथाजींची हाक आली, “आवरा गं, मंडळी पेठनाक्याला आल्यात.”

ती अंग पुसून लुगडं गुंडाळून वळली, तर विजयमालाबाई भिंतीला टेकून कोपरापासून खाली हात खाजवत होत्या. दोन्ही हातांवर गांधी उठल्या होत्या. लालभडक, कडेनं पांढऱ्या, एकात एक मिसळत चाललेल्या. एकदा रजेवर असताना वीरधवलनं मित्राकडं संत्र्याच्या सालीचा साबण वापरला होता. रात्रभर तिनंच त्याच्या हातांना आमसुलाचं पाणी लावलं होतं. अगदी अशाच गांधी.

“आत्ती, तुमाला बी?”

“मला काय ठावं?” विजयमालाबाई हातांकडं बघतच राहिल्या. “माझं म्हायेर जतकडचं. तिथं संत्री कवा कुणी बघितली? हितं आले तर पोरांस्नी न्हाऊ घालणं सगळं सासूच्या हातात, आन् मागनं तर साल बंदच झाली.” त्यांचा आवाज बारीक झाला. “जल्मभर त्यालाच इचारत हुते, असलं नाजूक कातडं कुणाचं आणलंस रं.”

संयोगिता स्वयंपाकघरात धावली. आमसुलं पाण्यात कोळून वाटी घेऊन आली आणि बोळा बुडवून त्यांच्या हाताकडं नेला.

विजयमालाबाईंनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

“नगं. तू जा, साडी नेस. ती मंडळी दारात येतील.”

“खाज सुटली आसंल, आत्ती.”

“सुटू दे,” त्या म्हणाल्या. “बसंल मागनं आपसूक. तवर ऱ्हाऊ दे माझ्यापाशी.”