शेवटचा बाक

मालाईची किंकाळी ऐकून अरुणी फळ्याकडून वळली, तेव्हा अख्खा वर्ग पोट धरून हसत होता. शेवटच्या बाकावरच्या थाँगदीनं मालाईच्या पाण्याच्या पेल्यात काहीतरी टाकलं होतं. काय टाकलं होतं ते अरुणीनं लांबूनच ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

“बाई, मी हेच पाणी पीत होते!” मालाईच्या दोन्ही वेण्या रागानं थरथरत होत्या. एक लाल फीत सुटून खांद्यावर आली होती.

“तिनं आधी माझा भात पळवला,” थाँगदीचं बोबडं उत्तर.

“वर्गात भात आणायचाच नाही, असं मी सांगितलं होतं.”

“भूक लागते, बाई,” चार बाकांवरून एकदम आवाज आले.

देवळाच्या सभामंडपात हा वर्ग सुरू होऊन महिना झाला होता. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं अरुणीनं करून पाहिलं होतं. जागा बदलल्या, तर मैत्रिणीपासून तोडलं म्हणून दोघींनी रडून गोंधळ घातला. तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, तर बोटाआडून कुजबुज सुरू झाली. आज शिकवलेलं उद्या कुणाला आठवेल तर शपथ. धड्याच्या मध्यावर कुणाची तरी करंगळी वर व्हायची, आणि जेवणानंतर अर्धा वर्ग बाकावर डोकं टेकून गाढ झोपायचा. उरलेला अर्धा पायऱ्यांवरच्या चपलांची अदलाबदल करायला जायचा. शाळा सुटली, की घरचं कुणी मोटरसायकलवर न्यायला येईपर्यंत त्या चपलांवरून फाटकाशी भांडणं.

शिवाय ते नाव. अरुणीचं घरचं नाव ‘ऊंग’, म्हणजे बेडकी. असलं एखादं नाव इथं प्रत्येकालाच पाळण्यात चिकटतं. पण बाईनं ते वर्गाबाहेर ठेवायचं असतं. ते दुसऱ्याच दिवशी वर्गाला कळलं. तेव्हापासून ती फळ्याकडे वळली, की शेवटच्या बाकावरून ‘ड्रांव’ असा आवाज यायचा. बातमी कुणी फोडली, हे शोधायची गरजच नव्हती.

“बस्स झालं,” ती म्हणाली. “शेवटचा बाक, उभं राहायचं. शुक्रवारी पालकांना घेऊन यायचं. पालकांशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही.”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पुन्हा सगळे सुटले.

संध्याकाळी जेवताना वडिलांनी चिकट भाताचा गोळा मळत विचारलं, “कसा गेला दिवस?”

“विचारू नका. शेवटच्या बाकानं जीव नकोसा केलाय. पालकांना बोलावलंय.”

“कशाला उगाच? पालक चांगले आहेत. जरा तापट, एवढंच.”

अरुणी हसली नाही. “शुक्रवारी जिल्ह्याचे साहेब येतायत. वर्ग असाच दिसला, तर माझी नेमणूक पक्की होत नाही. मग मी परत बँकॉकला, त्या कपड्यांच्या कारखान्यात. आणि तुम्ही इथं एकटे.”

भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडता बुडता थांबला.

“साहेब कडक आहे?”

“फार.”

हात धुतल्यावर वडील चपला घालून निघाले. “मालाईच्या घरी जाऊन येतो,” म्हणाले. “आणि अजून चार घरी.”

शुक्रवारी निपोनसाहेब आले, तेव्हा झेंड्यासमोरची रांग दोरी लावल्यासारखी सरळ होती. गणवेशांना इस्त्री होती. हात जोडून सगळ्यांनी एका सुरात नमस्कार म्हटला, आणि तो सगळ्यांचा एकाच वेळी संपला. भाताचा वास नव्हता. एकही करंगळी वर झाली नाही. काहींच्या चेहऱ्यांवर त्याचे हाल मात्र स्पष्ट दिसत होते. मालाईनं मागच्या आठवड्याचा धडा न अडखळता सांगितला. शेवटच्या बाकावरचा पाण्याचा पेलासुद्धा नीट झाकलेला होता. अरुणी मुद्दाम दोनदा फळ्याकडे वळली. बेडूक गप्प होता.

“बाई, कमाल आहे,” निपोनसाहेब म्हणाले. “बाकीच्या गावांत असल्या वर्गात मला कुणी बोलूसुद्धा देत नाही. नेमणूक पक्की समजा.”

अरुणीच्या मुठीतला खडू सैल झाला. तिथंच तास संपवायला हवा होता. पण मालाईचा हात वर होता.

“बाई, थाँगदीच्या पालकांचं विचारायचं राहिलं.”

“अरे वा, पालकांना बोलावलं होतं?” साहेबांना शिस्तीचा आणखी एक नमुना बघायचा उत्साह आला. “मग आलेत का?”

शेवटच्या बाकावरून आज्ञाधारक, बोबडा आवाज आला, “आलेत की, शायेब. त्या काय, फळ्याशमोर उभ्या आहेत.”

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. तिथं अरुणीशिवाय कुणीच नव्हतं.

“बाबा,” पिकल्या केसांचा अख्खा वर्ग खिदळत असताना ती दातओठ खात म्हणाली, “आधी पेल्यातली कवळी तोंडात घाला, मग बोला.”