मॉरिसचं दावं

नामानं चावी देऊन टाकलीय, हे गोजराला अंगणात पाय ठेवताच कळलं. दारातल्या मॉरिस गाडीच्या नाकावर झेंडूचा हार चढला होता, ओट्यावर पेढ्यांचा पुडा उघडा होता आणि वाशीचा दलाल कमळाकर ड्रायव्हरला घाई करत होता, "चल, बस लवकर. दुपारच्या आत गोदीत पोचायचंय."

"आय, झाला सगला!" नामा हसत पुढं आला. "यांनी घेनाऱ्या साहेबाचा चेक दिला. विलायतेच्या बँकेचा हाय!"

गोजरानं चेक हातात घेतलासुद्धा नाही.

"वटला काय?"

कमळाकर तोंडभर हसला. "मावशी, परदेशी चेक आहे, वटायला वेळ जाणारच. पण साहेब केवढा मोठा माणूस! असल्या जुन्या गाड्यांचं वेड आहे त्याला. बोट शुक्रवारी सुटतेय. गाडी आज गेली नाही तर सौदा फिसकटला म्हणून समजा. टेन्शन कशाला घेता?"

"मोठ्या मानसांचाच भ्याव वाटते मना," गोजरा म्हणाली. "जमीन बी मोठ्याच मानसांनी नेली. अंगठा आदी घेतला, पैसं मागून दिलं. तेवढ्यात भाव कुठल्या कुठं गेला."

नामानं मान खाली घातली. सानपाड्यातल्या त्यांच्या भातशेतावर आता इमारती उभ्या राहत होत्या. मोबदल्याचे पैसे आले तेव्हा बापानं हौसेनं ही जुनी मॉरिस घेतली, चार वर्षं मिरवली आणि तो गेला. शेताचं म्हणून घरात उरलं ते एवढंच. ती विकून पिठाची गिरण घालायची, हे गोजरानंच ठरवलं होतं. गाडी गेली आणि पैसेही बुडाले, तर खायचं काय, हा प्रश्न होता.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. इंजिन नुसतंच कण्हलं. पुन्हा फिरवली. काही नाही.

"धक्का मारा रे!" कमळाकर ओरडला. शेजारचे दोघे धावले, नामाही लागला. कमळाकरनं सफारीच्या बाह्या सरसावल्या. अंगणाला दोन चकरा झाल्या, कोंबड्या कलकलाट करत माडाखाली पळाल्या, पण गाडी काही चालू होईना. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि कपाळाला हात लावला.

"रोटरच नाहीये, शेठ! कोणीतरी काढलाय."

रोटर म्हणजे बोटाएवढा काळा तुकडा. पण तो नसला की धडधाकट गाडीही जागची हलत नाही. नामाला एकदम बाप आठवला. चोरांच्या भीतीनं तो रोज निजताना रोटर काढून उशाखाली ठेवायचा. त्यानं आईकडं पाहिलं.

गोजरा पदराच्या गाठीवर हात ठेवून उभी होती. "सकालीच काढला. बैल इकला तरी पैसा हातात पडल्याबिगर दावं कोन सोडते? हे या गाडीचं दावं."

"अहो मावशी, बैल नाही हो ही!" कमळाकरचा आवाज चढला. "बोट सुटेल, बोट!"

"दुसरी येल. दर्या काय आटला नाय."

"साहेबाचा माझ्यावर विश्वास आहे."

"मंग त्याला सांगा, पैसं सरल बँकेत धाड. तवर मी गाडी पुसून ठेवते."

नामा कानाशी येऊन पुटपुटला, "आय, गाव हसल."

"हसू दे. जमीन गेली तवा रडाला कोन आलता?"

तिनं हात पुढं केला. कमळाकरनं दातओठ खात चावी त्यावर ठेवली. जाताना गाडीचा हार मात्र काढून घेऊन गेला.

चेक बँकेत टाकला. दिवाळी उलटल्यावर तो न वटता परत आला. कमळाकर म्हणाला, सहीत चूक झाली. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक! नामा दोन दिवस आईच्या नजरेला नजर देत नव्हता. गोजरानं मात्र त्याच्या ताटात मासा रोजच्यासारखाच मोठा वाढला.

होळीच्या सुमारास साहेबानं पैसे सरळ वाशीच्या बँकेत पाठवले. गोजरा स्वतः जाऊन काउंटरसमोर उभी राहिली. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा तपासून सांगितलं, "आले, आजी. जमा झाले. आता कोणी परत नेत नाही."

दुसऱ्याच दिवशी कमळाकर आला. गोजरानं न मागता चावी दिली.

"आणि रोटर?"

"घेनाऱ्यानं आपलं दावं आनाचं असते. घरचं दावं आमी देत नाय."

कमळाकर या वेळी चिडला नाही. नामानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं खिशातून नवा कोरा रोटर काढला आणि ड्रायव्हरच्या हातावर ठेवला. "मावशी, तुम्ही आमच्या धंद्यात यायला हव्या होतात."

मॉरिस पहिल्या झटक्याला चालू झाली आणि रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत गोजरा उभी राहिली. डोळे पुसले आणि गोठ्यात गेली.

गोठा कधीचाच रिकामा होता. खुंटीवर तेवढी दावी लोंबत होती, दोन बैलांची, एका म्हशीची. शेत गेल्यावर विकलेली जनावरं. गोजरानं पदराची गाठ सोडली, रोटर सुतळीत बांधला आणि त्यांच्याच शेजारी अडकवला. मग एकेका दाव्यावरून हात फिरवत राहिली.

नामा दारात येऊन उभा राहिला. "सगली दावी हायेत ना, आय?"

"एक नाय."

"कोनाचं?"

"जमिनीचं," गोजरा म्हणाली. "तिला दावंच नव्हतं रे."