सगळ्यांची मावशी

“एक दिवस तरी ठेव गो माझ्यापाशी,” हौसामावशी म्हणाली. मृणालीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

अष्टमी गावातलं मावशीचं पाळणाघर दिवाळीला बंद होणार होतं. तिचे गुडघे आता साथ देईनात. निरोपाला जुनी पोरं पेण-पनवेलहून आली होती आणि तोंड भरून कौतुक चाललं होतं. आया कंपनीत शिफ्टला गेल्या, बाप आखातात गेले, पोरं मावशीकडे वाढली. नूरबानो तर डोळे पुसतच सांगत होती, “माझ्या वासिफला ताप आला तर दिवसभर मांडीवरून खाली ठेवला नाय. इथं कुणाचं पोर जास्त नाय, कुणाचं कमी नाय.”

मृणालीही पाळण्यापासून इथंच वाढलेली. आता ती रोह्यात नोकरीला होती. रोज सकाळी याच दारावरून जायची आणि पूल ओलांडून बाळाला रोह्याच्या नव्या पाळणाघरात ठेवायची. सगळ्या अष्टमीला ते दिसत होतं. माणसानं इतकं कोरडं व्हावं का, असं लोक बोलायचे.

परवाच मावशीकडे आवराआवरीच्या कामाला लागलेली अपेक्षा पेणची. इथलं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं, पण तोंडाची फटकळ. तिनं मृणालीला मागच्या ओट्यावर गाठलंच.

“ताई, रागावू नका. मावशी सकाळपासून तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय. जिनं तुम्हाला वाढवलं, तिच्याकडे एक दिवस बाळ ठेवलं तर काय बिघडलं?”

“वाढवलं, व्हय. सगळ्यांसारखंच. मी कितीही रडले तरी बाकीच्यांचं झाल्यावरच उचलायची.”

“मग त्यात वाईट काय?”

“काय नाय. संध्याकाळी एकेकाची आई यायची. पोरं धावत जाऊन बिलगायची. मी दाराकडे बघत बसायची. सगळ्यांत शेवटी मीच उरायची.”

अपेक्षाचा आवाज उतरला. “तुमची आई फार उशिरा यायची?”

“मृणाली, आण गो त्याला इकडं!” आतून हाक आली.

“नाय ठेवणार, मावशी,” मृणाली जागची न हलता म्हणाली. मग अपेक्षाकडे वळली. “आई येणार कुठून? ती इथंच असायची. दुसऱ्यांच्या पोरांना वाईट वाटू नये म्हणून मलाही मावशीच म्हणायला लावायची. आता आई म्हणायला जीभ वळत नाय.”